आधी मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड : कमी बजेटच्या एका गेमिंग पीसीचे प्रकरण

ही गोष्ट २०२३ च्या सुरुवातीची. संबंधितांची ओळख काढून टाकली आहे. रकमांचे आकडेही मुद्दाम दिलेले नाहीत, कारण पीसीच्या भागांचे भाव काही महिन्यांत बदलतात. एकूण बजेट शंभर भाग धरले आहे आणि कोणत्या वस्तूला किती भाग गेले एवढेच सांगितले आहे. भाव बदलले तरी निर्णय कसा झाला ते त्यावरून समजेल.

पार्श्वभूमी

कॉलेजात शिकणारा एक मुलगा, आणि नुकतीच नोकरीला लागलेली त्याची थोरली बहीण. पैसे बहीण देणार होती. घरी एक जुना ऑफिसचा डेस्कटॉप होता: चौथ्या पिढीचा कोअर आय५, ८ जीबी डीडीआर३ रॅम, साधी हार्ड डिस्क, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर मुलगा मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह खेळायचा. सगळी सेटिंग्ज तळाला आणूनही धुराचा गोळा फुटला की चित्र अडकायचे. सुट्टीत मोठे, कथा असलेले गेम खेळायची त्याची इच्छा होती, पण ते या मशीनवर सुरूच होत नव्हते. शिवाय आपले सामने रेकॉर्ड करून ठेवायचे होते. ही शेवटची गोष्ट त्याने बोलता बोलता सहज सांगितली. पुढे ती महत्त्वाची ठरली.

ओळखीतल्या लोकांचे पीसी मी बरीच वर्षे जोडून देतो, म्हणून ते दोघे माझ्याकडे आले. मुलगा यादी घेऊनच आला होता. बहिणीची मात्र एकच अट होती: "तुम्ही काय घ्यायचं ते ठरवा, पण तीन वर्षं याला पुन्हा पैसे लागायला नकोत."

अडचण

मुलाची यादी अशी होती. कोअर आय७-१२७००एफ प्रोसेसरला ३९ भाग, एच६१० मदरबोर्डला ११, रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी कार्डला २२, १६ जीबी रॅमच्या एका पट्टीला ६, ५०० जीबी एसएसडीला ५, एसएमपीएससकट (पीसीला वीज पुरवणारा भाग) येणाऱ्या कॅबिनेटला ९ आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांना ८. बेरीज बरोबर शंभर.

"दादा, आय७ असला की बाकी सगळं आपोआप नीट चालतं ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

यादीतला प्रोसेसर वाईट अजिबात नव्हता. १२ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारी एकके) आणि २० थ्रेडचा (एकाच वेळी हाती घेता येणारी कामे) तो प्रोसेसर व्हिडिओ संपादनासाठी मी आनंदाने सुचवला असता. पण गेमचे चित्र काढण्याचे बहुतेक काम ग्राफिक्स कार्ड करते, आणि इथे कार्डाच्या वाट्याला प्रोसेसरपेक्षा खूपच कमी पैसे आले होते. आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये ४ जीबी मेमरी आहे, तिची बस (मेमरीशी जोडणारी वाट) फक्त ६४ बिटची, आणि मदरबोर्डाशी ते फक्त चार पीसीआयई लेनने (डेटा नेण्याच्या वाटांनी) बोलते. ४ जीबी भरली की गेमला सिस्टिम रॅमकडे धावावे लागते, आणि ती वाटही चिंचोळी. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारे (रेकॉर्ड होताना लहान करून साठवणारे) हार्डवेअरच नाही, म्हणजे सामने रेकॉर्ड करायचे तर तो भार प्रोसेसरवर. रेकॉर्डिंगचा उल्लेख त्याने केला नसता तर हा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नसता.

खरी अडचण यादीत नसलेल्या वस्तूची होती. मी विचारले, "घरचा मॉनिटर कोणता आहे?" त्याने मागच्या बाजूचा फोटो पाठवला. १३६६ × ७६८ चा जुना मॉनिटर, आणि त्याला फक्त व्हीजीए पोर्ट. आजच्या ग्राफिक्स कार्डांना व्हीजीए नसतेच. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. कन्व्हर्टर लावून काम भागले असते, पण मग एवढा खर्च करून चित्र सुमारे साडेदहा लाख पिक्सेलचेच दिसले असते. १९२० × १०८० चा मॉनिटर सुमारे पावणेएकवीस लाख पिक्सेल दाखवतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

इथे पहिला मोठा निर्णय झाला: मॉनिटर बजेटच्या आत बसवायचा. शंभराचे गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागणार होते. मुलाचा चेहरा उतरला, कारण आय७ तिथेच सुटला. मला वाईट वाटले, पण हे भाग विकत घेण्याआधी कळले याचे समाधान जास्त होते.

तपासलेले पर्याय

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे जुन्या डेस्कटॉपलाच कार्ड लावणे. मी ती प्रामाणिकपणे तपासली, कारण साधे गेम खेळणाऱ्याला ती पुरते. पण त्या मशीनच्या एसएमपीएसला कार्डासाठीची सहा किंवा आठ पिनची वायर नव्हती, आणि मदरबोर्डाची जोडणी कंपनीची स्वतःची असल्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसत नव्हता. स्लॉटमधून मिळतात जास्तीत जास्त ७५ वॅट. तेवढ्यात चालणारे जीटीएक्स १६५० सारखे कार्ड बसले असते. मात्र चार कोअर, चार थ्रेडचा प्रोसेसर तसाच राहिला असता, आणि धुरात चित्र अडकण्याचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच होते. शिवाय चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार हे तेव्हाच जाहीर होते. तीन वर्षांच्या अटीत हे बसत नव्हते.

दुसरी वाट रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरची. त्यात ग्राफिक्स आतच असतात, म्हणून कार्ड नंतर घेता येते. बहिणीला हा विचार आवडला. माझा अनुभव असा की 'नंतर' फार लांबते, आणि तोवर माणूस मन मारून तशाच मशीनवर खेळत राहतो. कार्ड लावल्यावरही ५६००जी ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबीच राहते, साध्या ५६०० ची ३२ एमबी आहे. हप्त्यांनी पीसी बांधायचा असेल तर हा पर्याय चांगला, पण इथे पैसे एकरकमी हाताशी होते.

तिसरी वाट सेकंड हँड कार्डाची. इथेच आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाची कार्डांवरची मायनिंग (कार्डांना गणिते करायला लावून चलन मिळवणे) बंद झाली आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० नव्या कार्डाच्या मानाने मोहात पाडेल अशा किमतीला मिळत होते. मायनिंगला वापरलेले कार्ड म्हणजे मेलेले कार्ड, असे मी मानत नाही. बऱ्याच जणांनी ती कमी वॅटवर, स्थिर तापमानाला चालवलेली होती. पण त्यांचे पंखे झिजलेले असू शकतात, मेमरीच्या चिप बराच काळ तापलेल्या असू शकतात, आणि हे दहा मिनिटांच्या तपासणीत कळत नाही. ज्याच्याकडे दुसरे कार्ड घ्यायला पैसे आहेत त्याने हा धोका घ्यावा. बजेटचा एक तृतीयांश एकाच वस्तूत जाणार आणि ती बंद पडली तर पुढचे वर्ष काहीच घेता येणार नाही, अशा मुलाला मी तो घेऊ दिला नाही. कार्ड नवे, वॉरंटीसह, हा दुसरा निर्णय. तो मला आजही बरोबर वाटतो.

एएम५ चा, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटच्या प्रोसेसरांचा, विचार आम्ही फार केला नाही. त्याला डीडीआर५ रॅमच लागते, आणि तेव्हा मदरबोर्ड आणि रॅम मिळून बजेटचा मोठा लचका तोडत होते.

ठरलेली यादी

मॉनिटरपासून मागे येत यादी ठरली. १९२० × १०८०, ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ चित्रे दाखवणारा) मॉनिटर: १३ भाग. या पडद्याला पुरून उरेल असे आरएक्स ६६०० कार्ड, ८ जीबी मेमरीचे: ३१ भाग. रायझन ५ ५६००, सहा कोअर आणि बारा थ्रेड, सोबत पेटीतला कूलर: २० भाग. सेकंड हँड बी४५० मदरबोर्ड: ८. आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० पट्ट्या: ६. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी: ७. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस: ८. समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट: ६. एक भाग किरकोळ खर्चाला ठेवला.

प्रोसेसरसाठी कोअर आय३-१२१००एफ चाही विचार झाला. चार कोअर, आठ थ्रेड, आणि किंमत बरीच कमी. तेव्हाच्या गेमना तो पुरत होता. पण तीन वर्षांची अट पाहता मला सहा कोअर हवे होते.

रॅमवर मुलाचा आक्षेप होता. "एकच १६ ची पट्टी घेतली तर पुढे आणखी एक लावता येईल ना?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण एका पट्टीवर रॅम एकाच चॅनेलने चालते, प्रोसेसरला मिळणारी बँडविड्थ निम्मी होते, आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या मुख्यतः प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये ते जाणवते. बोर्डाला चार स्लॉट होते, त्यामुळे पुढची वाटही बंद होत नव्हती.

एसएमपीएसवर मी अडून बसलो. त्याच्या यादीतला कॅबिनेटबरोबर फुकट येणारा होता, वर '५०० वॅट' लिहिलेला. वर लिहिलेला आकडा पाहू नये, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते पाहावे. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही तिथूनच वीज घेतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, ५६०० ला पूर्ण ताणात सुमारे ७६, बाकी सगळ्याला पन्नासेक. एकूण अडीचशेच्या आसपास. त्यामुळे ५५० वॅट भरपूर होते, आणि पुढे थोडे मोठे कार्ड आले तरी चालले असते. ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. जास्त व्होल्टेज किंवा शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, हे वेगळे पाहावे लागते. बंद पडताना इतर भाग सोबत घेऊन जाऊ शकेल अशी वस्तू पीसीत हीच असते, म्हणून इथे काटकसर करू नये असे मी त्या दोघांना निक्षून सांगितले.

मदरबोर्ड मात्र सेकंड हँड घेतला, आणि तो सल्ला माझा होता. नव्या बी५५० ला सुमारे १२ भाग लागले असते. ते चार भाग वाचवले म्हणून मॉनिटर बजेटात बसला. बी४५० वर कार्ड पीसीआयई ३.० ने चालते आणि आरएक्स ६६०० आठच लेन वापरते. तरी ८ जीबी मेमरी भरत नाही तोवर हा फरक किरकोळ राहतो. इथवरचा हिशोब बरोबर होता.

डिस्प्ले येईना

जोडणीच्या दिवशी बटण दाबले, पंखे फिरले, कार्डाचा दिवा लागला, आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

पहिली चूक लगेच सापडली. मुलाने केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयमध्ये लावली होती. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे तिथून कधीच चित्र येणार नाही. केबल कार्डाला लावली, तरीही काही नाही. मग रॅमची एक पट्टी काढली, दुसरी लावली, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवून पाहिली, सीमॉस साफ केला (म्हणजे बोर्डाची साठवलेली सेटिंग्ज मूळपदावर आणली), बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून खोक्यावर ठेवून पाहिला. संध्याकाळ गेली. मुलाला वाटत होते की बसवताना आपणच प्रोसेसर बिघडवला. तो काही बोलत नव्हता, पण चेहऱ्यावर दिसत होते.

रात्री मी बोर्डाच्या कंपनीची प्रोसेसर यादी उघडली. ५६०० समोर बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची) बरीच नंतरची आवृत्ती लिहिलेली होती. विकणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, २०१९ मध्ये घेतल्यापासून बायोसला हात लावलेला नाही. ५६०० हा झेन ३ पिढीचा, आणि त्या पिढीचे प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आले. २०१९ च्या बायोसला ते ओळखता येणे शक्यच नव्हते. घेण्याआधी मी सॉकेटचे, स्लॉटचे, कपॅसिटरचे फोटो मागवले होते. बायोस कोणता, हा एक प्रश्न विचारला नव्हता.

काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय, पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचे बटण असते. यावर नव्हते. आता जुना रायझन मिळवणे हाच मार्ग उरला. दोन दिवस विचारपूस केल्यावर एका परिचिताने आपल्या मशीनमधला रायझन ५ २६०० काढून द्यायची तयारी दाखवली. एएम४ (या रायझनांच्या) सॉकेटवरचा कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम केले, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. दुसऱ्याची वस्तू होती, माझे हात घाबरूनच चालले होते. २६०० आमच्या बोर्डावर बसवताच डिस्प्ले आला. मशीन यूपीएसवर घेऊन आधी कंपनीने सांगितलेली मधली आवृत्ती आणि मग ताजी आवृत्ती टाकली, ५६०० परत बसवला, आणि मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. चार दिवस गेले होते.

परिणाम

विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरू होईना, कारण त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. बायोसमध्ये ते चालू केले, पाच मिनिटांचे काम. मोठे गेम १०८० वर चांगल्या सेटिंगला चालू लागले. कार्डात एन्कोडर असल्यामुळे रेकॉर्डिंग करताना खेळावर जाणवण्याजोगा ताण पडत नव्हता.

तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. "दादा, धूर फुटला की अजून एक झटका बसतोच." मी त्याला टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहायला सांगितले. तो २१३३ होता. ३२०० ची पट्टी घेतली म्हणजे ती ३२०० वर आपोआप चालत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू करावी लागते. पहिल्यांदा बायोस बदलताना ते केले होते, पण पुढची आवृत्ती टाकल्यावर सेटिंग पुसले गेले आणि माझ्या लक्षात आले नाही. त्याच फोनवर मॉनिटरचे हर्ट्झही पाहायला लावले. विंडोजमध्ये ते ६० वर होते. दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या आणि झटक्याची तक्रार पुन्हा आली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ ने जुन्या गेमची जागा घेतली. तो पहिल्यापेक्षा चांगलाच जड आहे. चार कोअरचा प्रोसेसर घेतला असता तर हा दिवस त्रासाचा झाला असता. ५६०० ने तो निभावला. पण आता वेगळीच गोष्ट पुढे आली. मशीन सेकंदाला ७५ पेक्षा कितीतरी जास्त फ्रेम काढत होते आणि मॉनिटर त्यातल्या ७५ च दाखवत होता. ७५ हर्ट्झला दर १३.३ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १४४ हर्ट्झला दर ६.९ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यावरून अचानक समोर येणारा खेळाडू दिसण्यात हा फरक खरोखर असतो.

वेगळे काय करता आले असते

मॉनिटरपासून मागे यायचे हे मी म्हटले, पण मॉनिटरच्या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबलो. तो रोज खेळतो ते गेम स्पर्धेचे, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. मग १४४ हर्ट्झचा मॉनिटर यादीत हवा होता. त्यासाठी पैसे कुठून आले असते याचा मी नंतर बराच विचार केला. एक जागा म्हणजे रायझन ५ ५५००. तोही सहा कोअरचा आणि स्वस्त. त्याची पीसीआयई ३.० ची मर्यादा आम्हाला लागलीच नसती, कारण बी४५० ची मर्यादा तीच आहे. पण त्याची एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे निम्मी, आणि कॅश कमी असली तर नेमका फटका अशाच गेमना बसतो. म्हणजे १४४ हर्ट्झसाठी पैसे वाचवायचे आणि १४४ फ्रेम टिकवणारा भागच कापायचा. हे गणित मला अजूनही मनासारखे सुटत नाही. त्यापेक्षा एसएसडी ५०० जीबीची घेऊन फरक मॉनिटरला देणे जास्त शहाणपणाचे होते. एसएसडी पुढे सहज वाढवता येते, बोर्डावर साटाच्या जागा रिकाम्या होत्या.

मदरबोर्डाबाबत माझे मत पक्के आहे. सेकंड हँड घ्यायचाच होता तर बायोसची आवृत्ती विचारून, शक्य तर पडद्यावरचा फोटो मागवून घ्यायला हवा होता. किंवा बायोस बदलायचे बटण असलेला बोर्ड शोधायला हवा होता. ज्याच्या ओळखीत जुना प्रोसेसर देणारा कोणी नाही, त्याला वाचलेले चार भाग महागात पडले असते.

आणि बहिणीने पहिल्या दिवशी टाकलेली तीन वर्षांची अट? कार्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस सगळे तेच आहे. नव्या जड गेममध्ये कार्डाच्या ८ जीबी मेमरीमुळे टेक्स्चर (पृष्ठभागांचे बारकावे) एक पायरी खाली ठेवावे लागतात, त्याची त्याला तक्रार नाही. २०२४ मध्ये त्याने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. दोनदा विकत घ्यावी लागलेली वस्तू तेवढी एकच.